टाकीवरचं ओलं पोतं

मोतीराम मिस्त्री आयुष्यात एकदाच कोणाचा शागीर्द झाला, आणि तोही चौपन्नाव्या वर्षी, पोटच्या पोरीचा. एवढं ऐकून ज्यांना कौतुकाचं भरतं आलं असेल त्यांनी जरा दम धरावा. या गोष्टीत कौतुकाचं थोडं आहे आणि लाजेचं बरंच आहे, आणि मी दोन्ही सांगणार आहे.

जानेफळहून मेहकरकडे निघालं की गाव सरता सरता डाव्या हाताला त्याचं पत्र्याचं दुकान लागतं. तीस वर्षं त्यानं तिथं लोखंड जोडलं. डवरे, वखर, ट्रॉलीचे फाळके, घरांची गेटं, खिडक्यांच्या जाळ्या. मोडलंच तर जोडाच्या बाजूला मोडेल, मोतीरामच्या जोडावर मोडणार नाही, असं लोक म्हणायचे, आणि लोक म्हणतात ते खरं मानायची सवय मोतीरामलाही होती. तोंडावर काच धरणं त्याला बायकी वाटायचं. एक डोळा मिटायचा, मान तिरपी करायची आणि वेल्डिंगची कांडी टेकवायची. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं, मग सुभद्राबाई कांद्याचा रस काढून द्यायच्या आणि सोबत चार शब्द सुनवायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कोणी सल्ला दिला की त्याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

प्रतीक्षा ही त्यांची एकुलती एक मुलगी. बापाच्या ठिणग्या बघत वाढली आणि बारावीनंतर हट्टानं बुलढाण्याला आयटीआयच्या वेल्डिंगच्या वर्गात जाऊन बसली. तिथून चाकणला तीन वर्षं, दुधाच्या आणि औषधांच्या स्टीलच्या टाक्या करणाऱ्या कारखान्यात. कंत्राट संपलं तशी ती परत आली ती स्टील जोडायची एक जुनी टिग मशीन टेम्पोत घालूनच. स्वतःच्या पगारातून घेतलेली. सुभद्राबाईंनी मशीनकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

“बापाचे डोळे गेले, आता तुहे घालव,” त्या म्हणाल्या. “लग्नाले पोट्टी दाखवायची का कारखाना दाखवायचा आम्ही?”

खरं सांगायचं तर मोतीरामला ती मशीन बघताक्षणी आवडली होती. गावात लोखंडाचं काम कमी होत चाललं होतं. लोकांना स्टीलची रेलिंगं हवी होती, हॉटेलवाल्यांना स्टीलची टेबलं, आणि स्टील म्हटलं की मोतीराम हात जोडायचा. त्याची कांडी स्टीलच्या पातळ पत्र्याला भोकंच पाडायची. म्हणून एके सकाळी चहा पिता पिता तो पोरीला म्हणाला, “मले बी दाखव बरं, काय असते तुह्यं ते.”

आणि शिकवणी सुरू झाली.

टिगमध्ये कांडी जळत नाही. उजव्या हातात टॉर्च, तिच्या टोकाला टंगस्टनची बारीक सुई, सुईतून ज्योत निघते. डाव्या हातात तार, ती थेंबाथेंबानं वितळल्या स्टीलला पाजायची. टॉर्चच्या तोंडातून आर्गन नावाचा वायू सारखा वाहत असतो. तो तापल्या स्टीलला हवा लागू देत नाही. हवा लागली की जोड काळा पडला आणि हवा लागली नाही तर सोन्यासारखा पिवळा. एवढंच शास्त्र. पण तीस वर्षं एका हातानं काम केलेल्या माणसाचा डावा हात म्हणजे नुसता लोंबणारा हात. त्याला तार पाजायला शिकवायचं होतं.

“खरडू नका, बाबा. टेकवा अन् उचला.”

“तीस वर्षं खरडूनच पेटवलं मी.”

“ते लोखंड होतं.”

पहिल्या दिवशी त्यानं सात सुया खराब केल्या. सुई स्टीलला चिकटली की तिचं टोक बोथट होतं आणि पुन्हा दगडावर घासावं लागतं. प्रतीक्षा मुकाट्यानं घासून द्यायची. तिचं ते मुकाट्यानं घासणं मोतीरामला शिव्यांपेक्षा जास्त लागायचं. मग एकदा त्यानं जोड चकाचक दिसावा म्हणून आपला नेहमीचा लोखंडी तारेचा ब्रश मारला आणि सकाळी बघतो तर स्टीलवर तांबूस ठिपके.

“इस्टीलले जंग?”

“लोखंडाचा ब्रश मारला तुम्ही. त्याचे कण बसले तिथं. स्टीलचा ब्रश येगळा ठेवायचा असते.”

त्यानं ब्रश कोपऱ्यात भिरकावला, पण दुसऱ्या दिवशी खामगावहून नवा मागवला. संध्याकाळी टीव्हीसमोर बसून तो डाव्या हाताच्या बोटांतून तारेचा तुकडा पुढं पुढं सरकवत बसायचा. अंगठ्यानं ढकल, बोटांनी धर, पुन्हा ढकल. सुभद्राबाई म्हणायच्या, “अवो, जप करून राह्यले काय? माळ देऊ का?” तो हसायचा आणि तार सरकवायचा. दीड महिन्यानं त्याच्या हातून पहिला चार बोटांचा पिवळाधमक जोड आला. तो तुकडा खिशात घालून त्यानं चहाच्या टपरीवर सगळ्यांना दाखवला, आणि तिथंच गडी अर्ध्या हळकुंडानं पिवळा झाला.

शिकवणीच्या सुरुवातीलाच प्रतीक्षानं आर्गनबद्दल सांगितलं होतं. “हा गॅस हवेपेक्षा जड असते, बाबा. पाण्यावाणी खाली बसते. डबा भरला तं दिसत बी नाही.”

“वास?”

“नाही.”

“धूर?”

“नाही.”

“मंग भ्यायचं काऊन त्याले?”

“श्वासात गेला तं जीव घुसमटते. कळत बी नाही कवा पडलो ते.”

मोतीराम हसला होता. तीस वर्षं कांडीचा पिवळा धूर फुप्फुसात ओढलेला माणूस तो. ज्याला धूर नाही, वास नाही, त्यात भ्यायचं काय? त्यानं ते ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. त्याला पोरीच्या तोंडून दोनच गोष्टी पक्क्या कळल्या होत्या: वारा वाईट, गॅस चांगला.

फाल्गुनात कौशल्याबाई दुकानावर आल्या. गावातल्या बायकांच्या दूधगटाच्या त्या अध्यक्ष, साठीच्या, बोलायला खणखणीत. गटानं बंद पडलेल्या एका डेअरीतून दीड हजार लिटरची स्टीलची टाकी आणली होती. टाकी आडवी, पिंपासारखी. तळाच्या शिवणीला आतून बारीक चीर गेलेली. चिरीत दूध अडकायचं, कितीही धुतलं तरी सकाळचं दूध दुपारपर्यंत नासायचं.

“बाहेरून मिस्त्री आणावा म्हणे काही जणी,” कौशल्याबाई म्हणाल्या. “मी म्हटलं, आपल्या गावची पोरगी हाये ना. होईन का वं तुह्याच्यानं, प्रतीक्षा?”

“होईन,” प्रतीक्षा म्हणाली.

घरी त्यावरून कडाक्याचं वाजलं. पोरगी टाकीत शिरून काम करणार हे ऐकून सुभद्राबाई चुलीपुढून उठल्याच. शेवटी त्यांनी अट घातली. टाकी धडपणे झाली तर मशीन राहील आणि त्या पुन्हा चकार शब्द काढणार नाहीत. काही इकडचं तिकडं झालं तर मशीन विकायची, आणि हा धंदा पोरीनं कायमचा सोडायचा. प्रतीक्षा म्हणाली, “चालन.” मोतीरामनंही मान हलवली. त्याला वाटलं, आपण बाहेर उभे असताना काय होणार आहे?

टाकीचं तोंड वरच्या अंगाला, जेमतेम सव्वा फुटाचं. मोतीरामचं पोट त्यातून जाण्यासारखं नव्हतं, त्यामुळे आत कोण शिरणार हा प्रश्नच नव्हता. सोमवारी सकाळी टाकी दुकानापुढं दोन ओंडक्यांवर ठेवली, दोन्हीकडून पाचरी मारल्या. दूध काढायच्या भोकात प्रतीक्षानं प्लॅस्टिकची नळी घालून छोटा पंखा लावला, आत हवा खेळती राहावी म्हणून. मोतीरामनं तो पोरीला गरम होऊ नये म्हणून आहे असं मनाशी धरलं. मग तिनं बापाला समोर उभं केलं.

“चार बोटं जोड झाला का मी आतून दोनदा ठोकीन. तुम्ही बाहेरून दोनदा ठोकायचं. माहा ठोका नाही आला, तं आधी सिलिंडर बंद, मंग हाक मारायची. आधी सिलिंडर. ध्यानात राहीन?”

“लहान लेकरू हाये का मी?”

“सांगा बरं काय करायचं.”

“आधी सिलिंडर,” मोतीराम चिडून म्हणाला.

ती आत उतरली, तळाशी कुशीवर झोपली, चेहऱ्यावर काळी काच ओढली. निळा उजेड टाकीच्या तोंडातून वर आला. पहिले दोन ठोके आले, त्यानं दोन दिले. पुन्हा आले, पुन्हा दिले. दहा वाजता ती पाणी प्यायला बाहेर आली, घामानं निथळत होती, पण खूश होती. “मधात एका जागी काळा पडला जोड,” ती म्हणाली. “वरून वारा आडवा येते. घासून पुन्हा मारला. एवढं सोडलं तं जमते.”

आणि ती पुन्हा आत गेली. अर्धी शिवण राहिली होती.

त्या दिवशी वारा खरंच माजला होता. रस्त्यावरची धूळ उठून दुकानात येत होती, पत्रे खडखडत होते. शेजारी प्रेमची पिठाची चक्की धडधडत होती, त्यामुळे दुसरं काही ऐकू येत नव्हतं. मोतीराम काच धरून टाकीत डोकावला. जोड पिवळा चालला होता आणि मध्येच एक बोटभर करडा झाला. एवढा एक काळा डाग राहिला तर दूध पुन्हा नासेल, बायका म्हणतील पोरीच्या हातचं काम असंच, आणि सुभद्रा मशीन विकायला काढेल. दीड महिन्याची विद्या त्याच्या डोक्यात उसळ्या मारू लागली. वारा वाईट, गॅस चांगला!

त्यानं पहिल्यांदा पंखा बंद केला. तोही वाराच की. मग सिलिंडरवरची कळ फिरवून गॅसचा काटा मिनिटाला दहा लिटरचा वीस, वीसचा पंचवीस केला. मग पाण्याच्या बादलीत एक पोतं बुडवलं, पिळलं आणि केबल जाण्यापुरती फट ठेवून टाकीच्या तोंडावर नीट पसरलं, कडा खाली दुमडून, वाऱ्यानं उडू नये म्हणून. पोरीला विचारायचं त्याच्या मनात आलं नाही. ज्योत चालू असताना वेल्डरला हाक मारत नाहीत, हे तर त्याला कळत होतं! आतून कोणी काही विचारलं असेल तर ते चक्कीच्या आवाजात बुडालं. थोड्या वेळानं दोन ठोके मात्र आले. त्याला ते शाबासकीसारखे वाटले, आणि त्यानंही ठोकून उत्तर दिलं.

तेवढ्यात कौशल्याबाई आल्या.

“कसं काय मिस्त्री, होऊन राह्यलं का?”

“एकदम पिवळं सोनं,” मोतीराम म्हणाला आणि सुरूच झाला. वारा लागला की काय होतं, गॅस कसा सांभाळावा लागतो, सुई कशी धरतात. कौशल्याबाई हूं हूं करत होत्या. आपण एवढं शहाण्यासारखं बोलू शकतो हे त्याचं त्यालाच नवल वाटत होतं. बोलता बोलता त्यानं चहा मागवला, चहा आला, दोघांनी प्यायला. पेला खाली ठेवताना त्याच्या ध्यानात आलं की बऱ्याच वेळात ठोका आला नाही.

तो थांबला. पोत्याच्या फटीतून निळा उजेड येत नव्हता.

कांडीचं काम चालू असलं की तडतड ऐकू येते. टिग गपगुमान चालते. नुसत्या कानाला काही कळत नाही. तार बदलत असेल, त्याला वाटलं. काच पुसत असेल. त्यानं टाकीला दोनदा ठोकलं. काही नाही. पुन्हा ठोकलं, जोरात. मग पोतं ओढून फेकलं आणि आत तोंड घालून ओरडला, “प्रतीक्षा!”

ती तळाशी कुशीवर होती, काच चेहऱ्यावर तशीच, टॉर्च हातात तशीच. नुसती पडून होती.

“प्रतीक्षा! ए माय! ऊठ ना!”

टॉर्चमधून फुस्स असा बारीक आवाज येत होता. सिलिंडर. आधी सिलिंडर! त्यानं धावत जाऊन चावी आवळली, पंखा लावला आणि परत येऊन टाकीच्या तोंडात खांद्यापर्यंत घुसला. हात लांब केला. तिचा केस न् केस दिसत होता, पण हात वीतभर कमी पडत होता. पोट कडेला अडकलं. त्यानं स्वतःच्या पोटाला आईबहिणीवरून शिवी दिली आणि पुन्हा घुसला, कातडी सोलवटली, पण तो काही आत जाईना. आतल्या हवेनं त्याचंच डोकं हलकं झालं आणि तो कसाबसा मागं आला.

कौशल्याबाईंच्या किंकाळीनं चक्की बंद पडली. प्रेम पिठानं माखलेला धावत आला, काडीसारखा बारीक माणूस. त्यानं आत पाहिलं आणि क्षणाचाही विचार न करता पाय तोंडात टाकला.

मोतीरामनं त्याला मागून कमरेला धरून ओढलं.

“सोडा मले मिस्त्री! मरून राह्यली ना ते!”

“तू बी मरशीन बे! इहिरीतलं इसरला काय?”

प्रेमनं पाय मागं घेतला. शेजारच्या शिवारात विहिरीतल्या इंजिनाच्या धुरात एक जण उतरला होता, त्याला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा. तिघंही मढी होऊन वर आले होते. तालुक्यात कोणी ते विसरलं नव्हतं. पण मग करायचं काय? पोरगी डोळ्यांसमोर, दोन हातांवर, आणि मध्ये नुसती हवा. हवाही नाही.

पाण्यावाणी खाली बसते.

हे तिनंच सांगितलं होतं. मोतीरामच्या डोक्यात लख्ख झालं. पाण्यासारखा आहे तर पाण्यासारखाच सांडेल!

“पाचरी काढा!” तो ओरडला. “टाकी पालथी करा! तोंड खाली करा, खाली!”

चक्कीवर दळण घेऊन आलेले दोघं धावले. मोतीरामनं पहार घातली, प्रेमनं पाचरी उडवल्या, कौशल्याबाईंनी नऊवारीचा काचा मारून खांदा लावला. टाकी गडगडली. आत पोरीचं अंग घसरल्याचा, स्टीलवर आपटल्याचा आवाज आला आणि मोतीरामच्या तोंडून हुंदका फुटला, पण तो ढकलत राहिला. टाकीचं तोंड बाजूला आलं, मग जमिनीकडे झुकलं. प्रेम जमिनीवर पालथा पडला, हात घातला, एक मनगट हाती लागलं. मग दुसरं. दोघांनी ओढलं. डोकं बाहेर, खांदे बाहेर, कपाळ फुटून रक्ताची धार.

ओठ जांभळे पडले होते. श्वास दिसत नव्हता.

मोतीरामनं तिला सावलीत ओढलं, छाती चोळली, गालावर चापट्या मारल्या, पाणी मारलं. काय करावं ते त्याला माहीत नव्हतं, म्हणून सुचेल ते सगळं करत होता. किती वेळ गेला ते कोणी सांगू शकत नाही. कौशल्याबाई मोठमोठ्यानं गजानन महाराजांना हाका मारत होत्या. मग प्रतीक्षाच्या घशातून एक विचित्र घोगरा आवाज आला, अंग ताठ झालं आणि तिनं श्वास ओढला. दुसरा ओढला. मग ती ओकली. ते पाहून मोतीराम तिथंच धुळीत बसून ओक्साबोक्शी रडला.

प्रेमच्या पिकअपमधून तिला मेहकरला नेलं. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, कपाळाला पाच टाके घातले, एक दिवस ठेवून घेतलं. “थोडक्यात वाचली,” एवढंच ते म्हणाले. सुभद्राबाई पोरीच्या पायाशी बसून होत्या. त्या भांडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. रडणं आटोपल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, “मशीनीले गिऱ्हाईक पाहा.” मोतीराम खाली मान घालून उभा होता.

खरी कठीण गोष्ट इथून पुढं आहे.

प्रतीक्षाला काहीच आठवत नव्हतं. पाणी पिऊन पुन्हा आत उतरले, इथपर्यंत तिची आठवण यायची आणि तुटायची. पंखा, पोतं, काटा, कशाचा पत्ता नव्हता. गावानं आपला निकाल लावून टाकला होता: पोरीला जमलं नाही. पोतं कौशल्याबाईंनीही पाहिलं होतं, पण वेल्डिंगच्या दुकानात पोती पडलेलीच असतात. काटा कोणी पाहिला नव्हता. सगळं जाणणारा एकच माणूस होता आणि तो मूग गिळून बसला होता. मंगळवार गेला, बुधवार गेला. तीस वर्षांचं नाव होतं. मोतीरामच्या जोडावर मोडत नाही म्हणणारं गाव होतं. पोरगी वाचली ना, मग आता सांगून काय होणार, असं तो मनाला समजावायचा आणि घास तोंडात फिरवत बसायचा.

पोरगी मात्र वहीत काहीतरी लिहायची. गुरुवारी दुपारी ती झोपलेली असताना त्यानं वही उघडली. तिनं एकाखाली एक लिहिलं होतं: पंखा लावायचा विसरले असेन. गॅस जास्त सोडला असेन. चक्कर आल्यावर वेळेत बाहेर आले नाही. आणि खाली: माझा स्वतःवर विश्वास राहिला नाही, पुन्हा टॉर्च धरायची नाही. मोतीरामनं वही जशी होती तशी ठेवली आणि परसात जाऊन उभा राहिला. आपण तिचा जीव एकदा घेता घेता राहिलो आणि आता सावकाश, तीन दिवस, पुन्हा घेतोय हे त्याला स्वच्छ दिसलं. तरी तो बोलला नाही. भ्याला होता. माणूस इतकाही भित्रा असू शकतो.

चार वाजता कौशल्याबाई आल्या. पोरीची विचारपूस केली, पेढे ठेवले, आणि मग पदराशी चाळा करत म्हणाल्या, “पोरी, राग मानू नको. गटातल्या बायांचा जीव घाबरला. टाकीसाठी आम्ही बाहेरून माणूस आणतो.”

“बरोबर हाये, काकू,” प्रतीक्षा म्हणाली. “चूक माहीच हाये. मले जमलं नाही.”

सुभद्राबाईंनी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. दारात मोतीराम उभा होता.

“तिची चूक नाही,” तो म्हणाला.

तिघींनी वर पाहिलं.

“पंखा तिनं लावला होता. मी बंद केला. गॅस दहावर ठेवला होता तिनं. मी वाढवला. अन् ओलं पोतं टाकून तोंड झाकलं. मले वाटलं वारा लागून राह्यला, जोड काळा पडन. कौशल्याबाई, तुमच्याशी मी शायनिंग मारत होतो तवा पोट्टी आत मरत होती.”

सुभद्राबाईंचा हात पोरीच्या डोक्यावर तसाच राहिला. त्यांनी नवऱ्याकडे असं पाहिलं की त्यानं नजर खाली घेतली.

“किती वाढवला होता?” प्रतीक्षानं विचारलं.

“पंचवीस.”

टाकीचा तळ किती वेळात भरला असेल, याचा तिनं ओठ हलवून हिशेब केला. मग तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण आवाज सरळ होता. “तीन दिवस झाले, बाबा. तीन दिवस मी सोतालेच शिव्या देऊन राह्यली. अन् तुम्ही इथं बसून जेवत होते.”

“हाव,” मोतीराम म्हणाला.

तिनं डोळे पुसले आणि कौशल्याबाईंकडे वळली. “काकू, माणूस बोलावला का?”

“नाही अजून.”

“मंग नका बोलावू. सोमवारी मी टाकी करून देतो.” ती आईकडे वळली. “माय, बाहेर तू बसशीन. काय करायचं ते मी सांगतो. तेवढंच करशीन, आपल्या मनानं काही नाही.”

सुभद्राबाईंनी पोरीच्या कपाळावरच्या टाक्यांकडे पाहिलं. मशीन विकायचं त्याच म्हणाल्या होत्या. “सांग,” त्या शेवटी म्हणाल्या. “पण दोनदा सांग.”

“अन् मिस्त्री?” कौशल्याबाईंनी हळूच विचारलं.

प्रतीक्षानं बापाकडे पाहिलं नाही. “टाकीपुरता गॅस हाये, पण दुसरं सिलिंडर रिकामं हाये. बाबा सोमवारी खामगावले जातीन, ते भरून आणायले. काम होईलोक दुकानावर थांबायचं नाही त्याईनं.”

तीस वर्षांत त्या दुकानातून मोतीरामला कोणी उठवलं नव्हतं. तीस वर्षांत त्यानं कोणाला वेळ विचारली नव्हती, वेळ तो सांगायचा आणि लोक थांबायचे. तो चौकटीला धरून उभा राहिला. उलट उत्तर जिभेवर आलं होतं, ते त्यानं गिळलं.

“किती वाजता निघू?” त्यानं विचारलं.